उपसा सिंचन संस्थेच्या लाभक्षेत्राचा एकसंध नकाशा: गटांचे पॉलिगॉन जोडतानाच्या प्रकल्प नोंदी

१० नोव्हेंबर २०२५

सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यात कृष्णाकाठी असलेल्या एका सहकारी उपसा सिंचन संस्थेचे लाभक्षेत्र चार गावांच्या शिवारांत पसरलेले आहे. नदीवरच्या जॅकवेलमधून उचललेले पाणी मुख्य वाहिनीने माथ्यावरच्या कुंडात जाते आणि तिथून उताराने चेंबरांत वाटले जाते. संस्थेला तीन गोष्टी हव्या आहेत: प्रत्येक चेंबरखालच्या सर्व गटांचा मिळून एक आकार, संपूर्ण लाभक्षेत्राची एकच बाहेरची हद्द, आणि नकाशावरचे क्षेत्र सात-बारावरच्या क्षेत्राशी कुठे जुळत नाही याची यादी. पाणीपट्टी एकरावर आकारली जात असल्याने तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक आहे. वार्षिक सभेत वाद होतो तो तिच्यावरूनच.

हाताशी आहेत त्या चार फाइली, गावाला एक याप्रमाणे. गटनकाशांच्या स्कॅन प्रती क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये जागेवर बसवून त्यांवरून गटांचे पॉलिगॉन (हद्दीचे बंद बहुकोन) काढलेले आहेत, परंतु हे काम वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या वर्षी केले आहे. एका गावातले गट एकमेकांना बऱ्यापैकी चिकटलेले दिसतात. दोन गावांच्या शिवेवर मात्र कुठे फट आहे, तर कुठे एकाच जमिनीवर दोन्ही गावांचे गट चढलेले आहेत. पुढचे सगळे काम पायथनमध्ये जिओपांडाज आणि शेपली २.१ या नकाशावरचे आकार हाताळणाऱ्या लायब्ररी वापरून करणार आहे. सॉफ्टवेअर फुकट आहे. खर्च होणार तो रोव्हरच्या, म्हणजे जागेचे निर्देशांक घेणाऱ्या अचूक जीपीएस यंत्राच्या, भाड्याचा आणि मोठ्या आकाराच्या छपाईचा.

चारही फाइली अक्षांश-रेखांशांत असल्याने त्या आधी ईपीएसजी ३२६४३ मध्ये, म्हणजे यूटीएम या मीटरांत मोजणाऱ्या निर्देशांक पद्धतीच्या ४३ उत्तर पट्ट्यात आणल्या. हा पट्टा ७२ ते ७८ अंश पूर्व रेखांशांपर्यंतचा असून त्याची मध्यरेषा ७५ अंशांवर आहे, आणि आपली जमीन तिच्या पश्चिमेस जेमतेम अर्ध्या अंशावर येते. हे रूपांतर विसरले तर क्षेत्रफळ ‘चौरस अंशांत’ येते, ज्याचा कोणालाच उपयोग नाही. संस्थेकडे पूर्वी कोणीतरी करून दिलेल्या स्क्रिप्टमध्ये रूपांतर न करताच २ चा बफर (आकाराभोवती तेवढ्या अंतराची वाढ) लावलेला आढळला. दोन अंश म्हणजे सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. त्या हिशेबाने पुणे शहरही संस्थेच्या लाभक्षेत्रात येत होते.

यूटीएममध्येही क्षेत्र शंभर टक्के जमिनीवरचे नसते, हे इथेच नोंदवून ठेवतो. मध्यरेषेवर मापप्रमाण ०.९९९६ असते आणि पलूसच्या परिसरात ते किंचित वाढते, त्यामुळे नकाशावरचे क्षेत्र प्रत्यक्षापेक्षा साधारण ०.०७ टक्क्याने कमी येते. शंभर हेक्टरांमागे हा फरक ७ आर होतो. एका गटाच्या पाणीपट्टीत तो जाणवणारही नाही, पण एकूण बेरजेत दिसतो, आणि तो दिसला की हिशेब तपासणारा हमखास विचारतो.

१३ नोव्हेंबर

चारही गावांचे पॉलिगॉन एका तक्त्यात घेऊन सरळ युनियन-ऑल (सगळे आकार एकात जोडणारे फंक्शन) चालवून पाहिले. अपेक्षेप्रमाणे ‘टोपॉलॉजी एक्सेप्शन, साइड लोकेशन कॉन्फ्लिक्ट’ असा संदेश येऊन काम थांबले. हा संदेश वैतागवाणा असला तरी उपयोगी आहे, कारण त्यात गडबड झालेल्या बिंदूचे पूर्वांक आणि उत्तरांक दिलेले असतात. आमच्या भागात पूर्वांक ४ लाख ४० हजारांच्या आणि उत्तरांक १८ लाख ९० हजारांच्या आसपास येतो. ते आकडे क्यूजीआयएसच्या निर्देशांकांच्या चौकटीत टाकले की नकाशा थेट त्या जागी जातो. पण युनियन पहिल्या अडचणीलाच थांबते. एक गट दुरुस्त केला की पुढचा अडतो, आणि अशा रीतीने एकेक गट शोधत बसण्यात वेळ फार जातो.

त्याऐवजी सर्व गटांवर वैधतेची चाचणी लावून, अवैध ठरलेल्या प्रत्येक गटाचे कारण वेगळ्या रकान्यात उतरवले. बहुतेक ठिकाणी हद्द स्वतःलाच छेदते आहे. काही ठिकाणी एकच बिंदू दोनदा येऊन वळसा पडला आहे.

१७ नोव्हेंबर

अवैध पॉलिगॉनवर शून्याचा बफर लावणे हा सगळ्यांना ठाऊक असलेला उपाय आहे आणि तो वापरू नये असे मी सुचवेन. नदीकडच्या गावात एका गटाची हद्द मधोमध इंग्रजी आठच्या आकड्यासारखी पिळली गेली होती, कारण काढणाऱ्याने दोन कोपऱ्यांचा क्रम उलटा घेतला होता. सात-बारावर त्या गटाचे क्षेत्र ८४ आर आहे. शून्य बफरनंतर त्याचे क्षेत्र उरले ३१ आर, आणि आकार मात्र नीटनेटका, वैध, कोणतीही सूचना न देणारा. दोन पाकळ्यांपैकी उलट्या फेऱ्याची पाकळी बफरने गाळून टाकली होती. सात-बाराचे क्षेत्र शेजारच्या रकान्यात नसते, तर ही गोष्ट लक्षात आलीच नसती.

मेक-व्हॅलिड या फंक्शनने दोन्ही पाकळ्या राखल्या. अर्थात तीही जमिनीची खरी हद्द नव्हती. खरी हद्द कोपऱ्यांचा क्रम सुधारूनच मिळाली. पण निदान क्षेत्र गायब झाले नाही आणि गट दुरुस्तीच्या यादीत राहिला. मेक-व्हॅलिडच्या दोन पद्धती आहेत आणि त्यांतला फरक प्रत्यक्ष पाहण्यासारखा आहे. मूळची पद्धत सगळ्या रेषा कायम ठेवून त्यांतून क्षेत्रे बांधते, त्यामुळे हद्द स्वतःवरच चढलेला, दोनदा झाकला गेलेला भाग तिच्या हिशेबात भोक ठरतो. ‘स्ट्रक्चर’ नावाची दुसरी पद्धत आधी प्रत्येक कडे (हद्दीची बंद रेघ) वेगळे दुरुस्त करते आणि मग बाहेरच्या कड्यांची बेरीज करून त्यातून भोकांची कडी वजा करते. एका गटात विहिरीभोवती हद्द फिरवताना काढणाऱ्याने दीड फेरा मारला होता. पहिल्या पद्धतीने त्या जागी भोक पडले, दुसरीने पडले नाही. जमिनीत विहीर असली तरी ती गटाचाच भाग असल्याने इथे दुसरी पद्धत बरोबर ठरली, आणि पुढे सर्वत्र तीच वापरली.

मेक-व्हॅलिडचा निकाल नेहमी पॉलिगॉनच येईल असे नाही. पॉलिगॉन, रेषा आणि बिंदू यांचे मिश्र गाठोडेही येते आणि ते पुढच्या पायरीला अडते. त्यातले पॉलिगॉन तेवढे काढून घेऊन, गाळलेल्या रेषा वेगळ्या लेयरमध्ये ठेवल्या. त्या रेषांपैकी काही खऱ्या बांधांच्या निघाल्या.

२१ नोव्हेंबर

एकत्र करण्याआधी दुबार क्षेत्र मोजणे आवश्यक आहे, कारण युनियननंतर ते मोजता येत नाही. सर्व गटांच्या क्षेत्रांची बेरीज ४३१.८ हेक्टर आली आणि युनियनचे क्षेत्र ४१२.९ हेक्टर आले. मधले १८.९ हेक्टर कुठेतरी दोनदा मोजले गेले आहेत. शिवेवर एकमेकांवर चढलेल्या गटांनी एवढे क्षेत्र होणे शक्य नव्हते.

एकमेकांवर चढलेल्या जोड्या शोधण्यासाठी ‘ओव्हरलॅप्स’ ही अट लावली, तेव्हा केवळ शिवेवरच्या पट्ट्या सापडल्या. मोठा आकडा तसाच राहिला. कारण त्या अटीची व्याख्याच अशी आहे की दोन्ही आकारांचा काही भाग सामाईक आणि काही भाग स्वतंत्र असला पाहिजे. एक आकार दुसऱ्याच्या पूर्ण पोटात असेल, किंवा दोन्ही अगदी तंतोतंत एक असतील, तर ही अट लागू होत नाही. आमच्याकडे नेमके तेच झाले होते. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखालच्या गटवारीनंतर वाटण्या होत गेल्या आणि पोटहिस्से पडले, पण मूळ गटनकाशावर ते नाहीत. एका गावाच्या फाइलीत कोणीतरी पोटहिस्से नंतर काढले आणि मूळ अखंड गट मात्र तसाच ठेवला. ‘इंटरसेक्ट्स’ अट लावून प्रत्येक जोडीच्या छेदाचे क्षेत्र काढल्यावर हे सर्व गट वर आले. त्यांचे मिळून १५.६ हेक्टर भरले आणि शिवेवरच्या पट्ट्यांचे ३.३.

युनियनने काढलेली बाहेरची हद्द या साऱ्या गोंधळातही अगदी बरोबर दिसत होती. आकार एक झाला की आतली दुबार नोंद झाकली जाते, आणि तक्त्यातल्या क्षेत्राच्या रकान्यात मात्र ती जिवंत राहते. ज्यांना फक्त चित्र हवे आहे त्यांना याने काही बिघडत नाही. ज्यांना त्यावरून पैसे आकारायचे आहेत त्यांनी ही वजाबाकी आधी करावी.

२५ नोव्हेंबर

चेंबरनिहाय गट एकत्र करण्यासाठी जिओपांडाजचे डिझॉल्व्ह वापरले. यात आकार जोडणे हा सोपा भाग आहे. घोळ होतो तो बाकीच्या रकान्यांत. काही सांगितले नाही तर डिझॉल्व्ह प्रत्येक रकान्यातले पहिले मूल्य उचलते, म्हणजे पस्तीस गटांच्या चेंबरपुढे पहिल्याच गटाचे क्षेत्र लिहिलेले येते. क्षेत्रासाठी बेरीज, गटक्रमांकांसाठी यादी आणि गावासाठी वेगवेगळी नावे, असे प्रत्येक रकान्याला स्वतंत्र सांगावे लागते.

दुसरी गोष्ट याहून फसवी आहे. ज्या गटापुढे चेंबरचा क्रमांक भरलेला नाही तो गट डिझॉल्व्ह मूळ सेटिंगनुसार मुकाट्याने गाळून टाकते. नदीच्या बाजूचे काही गट असेच नाहीसे झाले होते. ‘ड्रॉप-एनए’ हा पर्याय बंद करून चालवल्यावर ते सगळे एका बिनक्रमांकाच्या ढिगात आले आणि त्यांची यादी संस्थेच्या सचिवांना देता आली.

तिसरा घोळ आपल्या लिपीचा आहे. चेंबरचा क्रमांक कोणी मराठी आकड्यांत भरला होता, कोणी इंग्रजी आकड्यांत. कोणी ‘७-अ’, कोणी ‘७अ’, आणि एकाने शेवटी एक मोकळी जागा सोडून. संगणकाच्या लेखी हे सारे वेगवेगळे चेंबर होते आणि त्यामुळे सातव्या चेंबरची अनेक शकले झाली. दोन गावांच्या नावांत डोळ्यांना न दिसणारा जोडक वर्णही सापडला, जो बहुधा एका जुन्या टंकलेखनाच्या फाइलीतून चिकटवताना आला असावा. युनिकोडचे प्रमाणीकरण, आकड्यांचे एकाच लिपीत रूपांतर, अदृश्य वर्ण आणि मोकळ्या जागा काढणे, एवढे आधी करून मग डिझॉल्व्ह चालवले. मराठी विदेवर काम करणाऱ्या कोणालाही ही पायरी टाळता येईल असे वाटत नाही.

३ डिसेंबर

आता फटी. एकत्र केलेल्या आकारात आतली भोके शेकड्यांनी आहेत आणि त्यांतली बहुतेक केसासारखी बारीक आहेत. एका गटाच्या लांब सरळ बांधावर कोपरा नाही, पण शेजारच्या दोन गटांचा कोपरा नेमका तिथे येतो. तो बिंदू रेषेपासून चार बोटे दूर पडला की लांबलचक त्रिकोणी फट तयार होते.

पहिला प्रयत्न सर्व बिंदू एका सेंटिमीटरच्या जाळीवर बसवण्याचा केला. याने फटी कमी झाल्या नाहीत. जाळीचे काम जवळपास एकच असलेले आकडे एक करण्याचे आहे; दहा सेंटिमीटरची फट ती बुजवत नाही, आणि एका मिलिमीटरवरचे दोन बिंदूदेखील जाळीच्या दोन वेगळ्या घरांत पडू शकतात.

दुसरा प्रयत्न बाहेर बफर आणि तेवढाच आत बफर असा केला. हा उपाय अनेक ठिकाणी सुचवलेला असतो आणि वस्ती किंवा जंगल यांसारख्या ढोबळ आकारांना तो चालतो. गटनकाशाला तो चालत नाही, याचे कारण पाणंद. २ मीटरचा बफर ४ मीटरपर्यंतची फट बुजवतो आणि ३ मीटरचा ६ मीटरपर्यंतची. आमच्या शिवेवर काही फटी ५ मीटरच्या होत्या म्हणून ३ मीटर घेऊन पाहिले, तर लाभक्षेत्र ६ हेक्टरांनी वाढले, कारण गटांमधल्या सगळ्या गाडीवाटा पिकाखाली आल्या. नदीकडच्या ओघळींची तोंडेही बंद झाली. शिवाय बफरचे कोपरे मुळात गोल असतात आणि प्रत्येक पाव वर्तुळाला १६ तुकडे पडतात, त्यामुळे बिंदूंची संख्या कित्येक पटींनी वाढली. कोपरे टोकदार ठेवण्याचा पर्याय दिल्यावर ती आटोक्यात आली, पण पाणंदींचा प्रश्न तसाच राहिला. हा मार्ग सोडला.

७ डिसेंबर

रुंदीवरून खरी आणि खोटी फट वेगळी करता येईल का, हे पाहण्यासाठी प्रत्येक भोकाच्या क्षेत्राची दुप्पट करून तिला परिघाने भागले. लांब आणि अरुंद आकाराला हा भागाकार सरासरी रुंदीच्या अगदी जवळ येतो. ३ मीटरच्या खालची भोके काढण्यातल्या त्रुटीची मानली. ८ मीटरच्या वरची खरी मानली. त्यांत गावठाण, गायरान आणि एक स्मशानभूमी निघाली. मधली सगळी छापील नकाशावर लाल रंगाने दाखवून शिवारात नेली.

गळीत हंगाम चालू असला तरी अर्ध्याहून अधिक ऊस अजून उभा आहे, आणि डोक्यावरून गेलेल्या उसात रोव्हर घेऊन बांध धरून चालणे अशक्य आहे. जिथे तोड झाली आहे तेवढीच ठिकाणे पाहिली. बाकीच्यांसाठी संस्थेचे पाटकरी तात्या सोबत होते. त्यांनी चेंबरच्या कट्ट्यावर नकाशा पसरला, बोट ठेवून खालून वर सरकवत नेले आणि एका लाल रेघेवर थांबले. “ही फट न्हाई सर. हितनं वढा हाय. पावसुळ्यात गुडघाभर पानी असतंय, आता कोरडा दिसतोय.” मी शेजारची तशीच रेघ दाखवून तिथेही ओढा आहे का असे विचारले. “न्हाई, तिथं काय न्हाई. बांधाला बांध हाय. ती तुमच्या कागदातली हाय.” नकाशावर दोन्ही रेघांची रुंदी जवळजवळ सारखीच होती. कोणत्याही सूत्राने त्या वेगळ्या काढता आल्या नसत्या.

तात्यांच्या सांगण्यानुसार प्रत्येक लाल भोकापुढे ‘ओढा’, ‘पाणंद’, ‘पाट’ किंवा ‘बुजवावे’ असा शेरा लिहिला आणि तो रकाना तसाच फाइलीत ठेवला, म्हणजे पुन्हा कोणी स्क्रिप्ट चालवली तरी हा निर्णय पुन्हा घ्यावा लागणार नाही. सगळी भोके एका झटक्यात बुजवायला फक्त बाहेरचे कडे घेऊन नवा पॉलिगॉन केला की पुरते, पण तसे केले असते तर गावठाणातल्या घरांवरही पाणीपट्टी लागली असती.

१८ डिसेंबर

शिवेचे काम. दोन गावांच्या दोन वेगळ्या रेषांपैकी कोणती प्रमाण मानायची, हे आधी ठरवावे लागते. दोघींची सरासरी काढली तर ती कोणत्याच कागदाशी जुळत नाही. जिथे शिवेचे दगड जागेवर आहेत तिथे रोव्हरने त्यांचे निर्देशांक घेतले आणि ज्या गावाची रेषा त्या दगडांच्या अधिक जवळून जाते तिला प्रमाण मानले. रोव्हर भाड्याने आणला होता आणि या प्रकल्पातला सर्वांत मोठा खर्च तोच ठरला, पण त्याच्याशिवाय शिवेचा निर्णय केवळ मताचा राहिला असता.

दुसऱ्या गावाचे गट त्या रेषेवर चिकटवण्यासाठी शेपलीचे स्नॅप वापरले. याच्या दोन मर्यादा नीट समजून घ्याव्यात. एक, स्नॅप चिकटवते ते प्रमाण रेषेच्या शिरोबिंदूंना. रेषेच्या मधल्या भागाला नाही. दोन कोपऱ्यांमध्ये २०० मीटरचा सरळ बांध असेल, तर मधल्या गटांचे कोपरे हवेतच राहतात. म्हणून शेजारच्या गटाचा प्रत्येक कोपरा प्रमाण रेषेवर प्रक्षेपित करून, मिळालेला बिंदू दोन्ही बाजूंच्या हद्दींत शिरोबिंदू म्हणून घातला. एकाच बाजूला घालून भागत नाही. दशांशांच्या गोळाबेरजेमुळे प्रक्षेपित बिंदू रेषेवर तंतोतंत बसत नाही आणि फट सूक्ष्म होते इतकेच, जात नाही.

दोन, सहनशीलतेचे अंतर (किती दूरचे बिंदू ओढायचे ते) फार घेतले तर अरुंद गट चपटे होतात. ८ मीटर ठेवून पाहिले तेव्हा एका गटाचे ६ मीटर रुंदीचे शेपूट, जे प्रत्यक्षात त्या शेतकऱ्याची रस्त्यावर येण्याची वाट आहे, समोरासमोरच्या दोन्ही बाजू एकाच रेषेवर ओढल्या जाऊन नाहीसे झाले. शेवटी अंतर २ मीटरवर आणले आणि त्यापलीकडच्या जागा हाताने सुधारल्या. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याला पर्याय सापडला नाही.

सुधारणा पुरी झाली की नाही, हे पाहण्यासाठी शेपली २.१ मधली कव्हरेजची चाचणी फार उपयोगी पडली. ती चार गावांच्या गटांकडे एक अखंड आच्छादन म्हणून पाहते. कडा तंतोतंत जुळत नसतील, गट एकमेकांवर चढत असतील किंवा दिलेल्या रुंदीपेक्षा अरुंद फट असेल, तर नेमक्या त्या कडा रेषा म्हणून परत देते. त्या रेषांचा लेयर क्यूजीआयएसमध्ये उघडायचा, जागेवर जायचे, सुधारायचे आणि चाचणी पुन्हा लावायची. शेपलीच्या मागे काम करणाऱ्या जीईओएस या लायब्ररीची ३.१२ किंवा त्यापुढची आवृत्ती लागते. जुन्या यंत्रणेवर ही फंक्शन्स चालणार नाहीत.

२९ डिसेंबर

कव्हरेजची चाचणी स्वच्छ आल्यावर एकत्रीकरणासाठी ‘कव्हरेज’ पद्धत वापरता आली. ती छेद शोधत बसत नाही. ज्या कडा दोन्ही बाजूंना तंतोतंत सारख्या आहेत त्या फक्त काढून टाकते, म्हणून ती वेगवान आहे. याच कारणाने कच्च्या फाइलीवर ती धोकादायक आहे, कारण कडा जुळत नसल्या तरी ती तक्रार करत नाही आणि चुकीचा आकार देऊन मोकळी होते. आमच्या फाइलीच्या आकाराला वेगाचा प्रश्नच नव्हता; तरीही साध्या युनियनचा आणि या पद्धतीचा निकाल एकच येतो का, ही तपासणी म्हणून दोन्ही चालवले. दोन्हींचे क्षेत्र ४१४.९ हेक्टर आले.

छपाईसाठी हद्द सोपी करताना प्रत्येक गट स्वतंत्रपणे सोपा करू नये. दोन शेजाऱ्यांच्या सामाईक बांधावरचे वेगवेगळे बिंदू गळतात आणि इतक्या कष्टाने बुजवलेल्या फटी परत उघडतात. त्यासाठी कव्हरेज-सिम्प्लिफाय वापरले. ते सामाईक कडा एकदाच सोप्या करते.

८ जानेवारी २०२६

ओढ्याच्या दोन्ही बाजूंना जमीन असलेल्या चेंबरांचा आकार एक पॉलिगॉन न येता मल्टिपॉलिगॉन येतो, आणि ते बरोबरच आहे. फक्त एका कोपऱ्यात टेकलेले दोन गटही एक होत नाहीत. शेपली २ मध्ये मल्टिपॉलिगॉनच्या भागांवरून सरळ फिरता येत नाही, ‘जिओम्स’मधून जावे लागते, जुन्या स्क्रिप्टा इथेच मोडल्या. पोस्टजीआयएस या विदागारात भरताना रकाना मल्टिपॉलिगॉनचा ठेवला होता, त्याने साधे पॉलिगॉन नाकारले. सगळे आधी मल्टिपॉलिगॉन करून घेतल्यावर प्रश्न मिटला.

जलवाहिन्यांच्या रेषाही याच वेळी जोडल्या. रेषांच्या युनियनमध्ये जिथे जिथे दोन रेषा छेदतात तिथे जोड पडतो, मग प्रत्यक्षात एक वाहिनी दुसरीच्या खालून जात असली तरी. अशा ठिकाणी प्रत्यक्षात नसलेला चौफुलीसारखा जोड तयार होतो. म्हणून युनियन टाळून फक्त लाइन-मर्ज वापरले, जे दोनच रेषांची टोके मिळतात तिथे जोडते आणि तीन किंवा अधिक वाहिन्या येतात तिथे, म्हणजे चेंबरवर, थांबते. आम्हाला तेच हवे होते.

१९ जानेवारी

नदीकाठच्या मळीच्या जमिनीचा प्रश्न राहिला होता. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर काठ काही ठिकाणी ढासळला आहे आणि कागदावरच्या गटाचा काही भाग आता पात्रात आहे. उपग्रहचित्रावरून पात्राचा पॉलिगॉन काढून तो गटांतून वजा करावा, अशी संस्थेतल्या काहींची सूचना होती. तसे केले, पण वेगळ्या लेयरमध्ये. मूळ गटाची हद्द अभिलेखाची आहे आणि ती आपल्या स्क्रिप्टने बदलणे योग्य नाही; लागवडीखालचे क्षेत्र हे स्वतंत्र निरीक्षण आहे आणि त्याला चित्राची तारीख जोडलेली असली पाहिजे. वजाबाकीतून निघालेले १ आरपेक्षा लहान तुकडे सोडून दिले.

क्षेत्राचा ताळा असा बसला: सात-बाराप्रमाणे ४१७.४ हेक्टर, नकाशाप्रमाणे ४१४.९. अडीच हेक्टरांच्या फरकातले सुमारे ३० आर यूटीएमच्या मापप्रमाणाचे आहेत. उरलेला फरक मोजक्या गटांत एकवटलेला आहे. गटागणिक २ टक्क्यांपर्यंतचा फरक सोडून दिला आणि त्यापलीकडचे गट यादीत घातले. पाणीपट्टी सात-बाराच्या क्षेत्रावरच आकारावी, नकाशावरचे क्षेत्र फक्त तपासणीसाठी वापरावे, असे चेअरमन आणि सचिव यांच्याशी बोलून ठरले. स्कॅन केलेल्या गटनकाशावरून काढलेल्या पॉलिगॉनवर पैशांचा हिशेब उभा करण्याइतका त्याचा आधार पक्का नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

२ फेब्रुवारी

संस्थेला एकच जिओपॅकेज फाइल दिली. शेपफाइल टाळली, कारण तिच्यात रकान्याच्या नावाला दहाच बाइटची मर्यादा आहे आणि मराठी नावे त्यात बसत नाहीत. युनिकोडच्या यूटीएफ-८ संकेतनात देवनागरीचे एकेक चिन्ह तीन बाइट घेते. जिओपॅकेजमध्ये सुधारलेले गट, चेंबरनिहाय आकार, एकूण हद्द, शेऱ्यांसह भोके, वाहिन्या आणि मळीचा वेगळा लेयर आहे. मूळ चार फाइली न बदलता सोबत ठेवल्या आहेत.

स्क्रिप्टचा क्रम असा राहिला आहे: रूपांतर, वैधता, नावांचे व आकड्यांचे प्रमाणीकरण, दुबार गटांची यादी, शिवेवरचे चिकटवणे, कव्हरेजची चाचणी, एकत्रीकरण, भोकांचे शेरे लावणे, क्षेत्राचा ताळा. कव्हरेजच्या चाचणीत एकही कड सापडली तर स्क्रिप्ट तिथेच थांबते आणि पुढचे आकार तयार करत नाही. एका शिवेवर दगड सापडला नाही आणि दोन्ही बाजूंचे शेतकरी वेगवेगळ्या बांधाकडे बोट दाखवतात. ती पट्टी कोणत्याही चेंबरमध्ये न धरता ‘मोजणी प्रलंबित’ म्हणून वेगळी ठेवली आहे. तिथला ऊस तुटल्यावर सरकारी मोजणीचा अर्ज संस्था करणार आहे, आणि मोजणीची क प्रत (मोजणीचा अधिकृत नकाशा) आल्यावर तेवढे दोन गट बदलून स्क्रिप्ट पुन्हा चालवायची आहे.